जनुकशास्त्राची आज्ञावली आणि बोलींचे जाळे

भाषांचे कूळ दाखविण्यासाठी वृक्षाची आकृती काढावी, ही कल्पना भाषाशास्त्राने जीवशास्त्राकडून उसनी घेतली, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने इंडो-युरोपीय भाषांचा वंशवृक्ष १८५३ सालीच छापला होता; डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ निघाला तो १८५९ मध्ये. पुढे १८७२ साली योहानेस श्मिट याने या वृक्षकल्पनेवरच आक्षेप घेतला. शेजारच्या भाषा एकमेकींपासून केवळ फुटत नाहीत, त्या एकमेकींवर परिणामही करीत राहतात. पाण्यावरील तरंगाप्रमाणे एखादा बदल एका केंद्रातून निघून अनेक बोलींत पसरतो, असे त्याचे म्हणणे होते. वृक्ष की तरंग, हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. मात्र दोन्ही बाजूंना एकाच आकृतीत स्थान देणारे एक साधन आता घरच्या संगणकावर बसविता येते, आणि ते जनुकशास्त्रज्ञांनी आपल्या कामासाठी तयार केलेले आहे. त्या साधनाचा परिचय करून देणे, ते कसे बसवावे हे सांगणे आणि त्याने काढलेले चित्र कसे वाचावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साधनाचे स्वरूप

मनुष्याचा जनुकसंच म्हणजे चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा ग्रंथ होय. हा ग्रंथ पडद्यावर दाखविणाऱ्या आज्ञावलींचे, म्हणजेच सॉफ्टवेअरचे, स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील आज्ञावली ग्रंथाची एकेक ओळ डोळ्यांपुढे आणतात आणि मूळ पाठाच्या खाली निरनिराळ्या व्यक्तींचे पाठभेद मांडतात. अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली व २०११ साली शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे आलेली ‘आय.जी.व्ही.’ ही या वर्गातील सुप्रसिद्ध आज्ञावली होय. दुसऱ्या वर्गातील आज्ञावली पाठाऐवजी पाठांमधील नाते दाखवितात: कोणता नमुना कोणाच्या जवळचा, कोण कोणापासून केव्हा वेगळा झाला. भाषाभ्यासकाला उपयोगी पडणारा वर्ग हा दुसरा.

या दुसऱ्या वर्गातील ‘स्प्लिट्सट्री’ या आज्ञावलीचा विचार येथे केला आहे. तिचे कर्ते डॅनियल ह्यूसन हे जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात प्राध्यापक आहेत. आज्ञावलीची माहिती त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. डेव्हिड ब्रायंट व व्हिन्सेंट मोल्टन यांनी २००४ साली मांडलेली ‘नेबर-नेट’ ही पद्धत तिचा आज मुख्य आधार आहे. ह्यूसन व ब्रायंट यांनी २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती सादर केली. ती विनामूल्य मिळते.

वंशवृक्ष काढणारी आज्ञावली साहित्यात विसंगती असली तरी वृक्षच काढते. नेबर-नेट तसे करीत नाही. पुराव्याचा एक भाग एका विभागणीकडे व दुसरा भाग दुसऱ्या विभागणीकडे बोट दाखवीत असेल, तर ती दोन्ही विभागण्या एका चौकटीच्या रूपाने दाखविते. चौकट जितकी रुंद, तितका पुराव्यातील अंतर्विरोध मोठा. या गुणामुळे या आज्ञावलीचा उपयोग जीवशास्त्राबाहेरही झाला. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका प्रकरणाच्या ५८ हस्तलिखितांचे परस्परसंबंध १९९८ मध्ये याच साधनाने शोधण्यात आले. पाठचिकित्सेची परंपरा ज्या महाराष्ट्रात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने दृढ केली, तेथील वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये.

बसविण्याची रीत

संगणक साधा असला तरी चालतो. शंभर-दोनशे शब्दांच्या यादीला मोठी स्मृती लागत नाही. पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट, आज्ञावली कर्त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. इतर ठिकाणच्या प्रतींत काय मिसळले असेल याचा भरवसा नसतो. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींसाठी वेगवेगळ्या फाईली असतात. आपली प्रणाली कोणती हे आधी पाहावे. फाईल उघडताना विंडोज अनोळखी प्रकाशकाविषयी इशारा देण्याचा संभव असतो. विद्यापीठांच्या आज्ञावलींबाबत असा इशारा पुष्कळदा येतो. फाईल खात्रीच्या ठिकाणाहून आणलेली असेल तरच पुढे जावे. तशी खात्री नसेल तर थांबावे.

दुसरी गोष्ट, ही आज्ञावली जावा या संगणकभाषेवर चालते. बसविण्याच्या फाईलीबरोबर जावा सहसा येतेच. परंतु आज्ञावली उघडल्याबरोबर मुकाट्याने बंद होत असेल, तर प्रथम जावाच्या आवृत्तीकडे लक्ष द्यावे.

तिसरी गोष्ट साहित्याच्या फाईलीची. आज्ञावली ‘नेक्सस’ नावाच्या नमुन्यातील साधा मजकूर वाचते. वर्डसारख्या लेखनसाधनात केलेली फाईल तिला चालत नाही. नोटपॅडसारखे साधे साधन वापरावे. पहिल्या ओळीत हॅशचे चिन्ह व त्याला जोडून नेक्सस हा शब्द येतो. त्यानंतर एका विभागात भाषांची संख्या व नावे, आणि दुसऱ्या विभागात त्यांच्यामधील अंतरांचा तक्ता असतो. प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. फाईल उघडली नाही, तर बहुतेक वेळा दोष राहिलेल्या अर्धविरामाचा किंवा नावाच्या मध्ये सुटलेल्या मोकळ्या जागेचा असतो. नावे रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता लिहिणे सोयीचे. नोटपॅड फाईलीच्या नावाला स्वतःचा प्रत्यय जोडते व विंडोज तो प्रत्यय लपविते, हेही ध्यानात ठेवावे.

फाईल नीट वाचली गेली, की नेबर-नेटचे जाळे बहुधा आपोआपच पडद्यावर येते. ते चित्ररूपाने जतन करता येते.

एक लहान उदाहरण

पद्धत समजण्यासाठी मराठी, कोंकणी, गुजराती व हिंदी या चार भाषांतील दहा अर्थ घेऊ: डोळा, पाणी, आग, दगड, मोठा, पाऊस, तोंड, मीठ, नाक आणि रात्र. दोन भाषांतील शब्द एकाच मुळाचे असतील तर अंतर शून्य, नसतील तर एक. नाक व रात्र यांबाबत चारही भाषा एक आहेत. डोळ्याला कोंकणीत ‘दोळो’, तर गुजराती व हिंदीत ‘आंख’. तोंड मराठी-कोंकणीत एक, तर गुजरातीचे ‘मों’ हिंदीच्या ‘मुँह’जवळ. पाऊस आणि ‘पावस’ एक. गुजरातीचा ‘वरसाद’ वेगळा व हिंदीची फारसीतून आलेली ‘बारिश’ वेगळी. मीठ तिघींत समान, हिंदीत मात्र ‘नमक’. पाणी व आग यांबाबत कोंकणी ‘उदक’ व ‘उजो’ म्हणून एकटी पडते. दगडाबाबत मराठी एकटी पडते, कारण कोंकणीचा ‘फातर’ हा ‘पत्थर’चाच भाऊ होय. ‘मोठा’ गुजरातीच्या ‘मोटुं’शी जुळतो, तर कोंकणीचा ‘व्हड’ हिंदीच्या ‘बड़ा’शी.

बेरीज केली असता अंतरे अशी येतात: मराठी–कोंकणी ४, मराठी–गुजराती ४, मराठी–हिंदी ६, कोंकणी–गुजराती ६, कोंकणी–हिंदी ६, गुजराती–हिंदी ३. चार भाषांच्या दोन-दोन जोड्या तीन प्रकारांनी पडतात, आणि त्यांच्या बेरजा अनुक्रमे अशा होतात: मराठी–कोंकणी व गुजराती–हिंदी मिळून ७, मराठी–गुजराती व कोंकणी–हिंदी मिळून १०, मराठी–हिंदी व कोंकणी–गुजराती मिळून १२. साहित्य निखळ वृक्षाचे असते, तर शेवटच्या दोन बेरजा समान आल्या असत्या. त्या समान नाहीत. म्हणून चौकट तयार होते. तिची एक बाजू सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान बेरजेतील फरकाच्या निम्मी, म्हणजे अडीच. ही मराठी-कोंकणीला गुजराती-हिंदीपासून विभागते. दुसरी बाजू १२ व १० यांतील फरकाच्या निम्मी, म्हणजे एक. ही मराठी-गुजरातीला कोंकणी-हिंदीपासून विभागते. आज्ञावलीने काढलेल्या चित्रावर हीच मापे दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर तक्ता भरताना चूक झाली असे समजावे. नव्या साधनाची परीक्षा अशा हाताने पडताळता येणाऱ्या उदाहरणानेच करावी.

आता या चित्राचा अर्थ. लांब बाजू मराठी व कोंकणी यांची जवळीक सांगते. आखूड बाजू मुख्यतः ‘मोठा’ या एका शब्दातून आली आहे. ‘व्हड’ व ‘बड़ा’ यांतील साम्यावरून कोंकणी व हिंदी यांचे काही खास नाते सिद्ध होत नाही. एक जुना शब्द दोन दूरच्या प्रदेशांत टिकला, मधल्या प्रदेशात दुसरा पसरला, एवढेच फार तर म्हणता येईल. चौकट अंतर्विरोध दाखविते, त्याचे कारण सांगत नाही. ते कारण शोधणे हे अभ्यासकाचे काम आहे. शिवाय दहा शब्द हे उदाहरणापुरते ठीक. मॉरिस स्वादेश यांनीही आपली मूलभूत शब्दांची यादी १९५५ मध्ये शंभरावर आणली, त्याहून खाली नाही.

राजोडीच्या परिसरात

या साधनाची खरी कसोटी लागेल ती वसई तालुक्याच्या किनारपट्टीसारख्या प्रदेशात. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस समुद्रकाठी असलेल्या राजोडीच्या आसपास सामवेदी, वाडवळी, कोळी इत्यादी बोली एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात ठाणे जिल्ह्यातील अशा बोलींची नोंद आहे, डॉ. अ. मा. घाटगे यांचा ठाण्याच्या वारलीवरील ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेले बोलींचे सर्वेक्षण महाजालावर खुले आहे. म्हणजे तुलनेला आधार आहे. दुसरीकडे २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकतच आहे. शाळेत प्रमाण मराठी वा इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, असा क्रम पडला की घरातील बोली आधी मुलांच्या तोंडून व नंतर घरातूनही जाते. यादी आज केली नाही, तर उद्या तिच्यात भरण्यास शब्द उरणार नाहीत.

अशा प्रदेशात वृक्षाची आकृती फसवी ठरते. जेथे शेते व बाजार एक, तेथे शब्द कुळाची मर्यादा पाळीत नाहीत. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चावी, पगार, बटाटा यांसारखे पोर्तुगीज शब्द तर साऱ्या मराठीनेच स्वीकारले. असे शब्द यादीत ओळखून वेगळे काढले नाहीत, तर उसनवारीलाच रक्ताचे नाते समजण्याची चूक होईल.

येथेच सर्वांत महत्त्वाचा इशारा द्यावयाचा आहे. आज्ञावली जनुकशास्त्राची असली, तरी तिच्यात घातलेले साहित्य शब्दांचे आहे. तिने काढलेले जाळे शब्दांचे नाते सांगते, माणसांच्या वंशाचे नव्हे. वसईतच याचा उत्तम दाखला आहे: सामवेदी, जिला कादोडी असेही म्हणतात, ती बोली हिंदू सामवेदी ब्राह्मण व कॅथलिक कुपारी अशा दोन्ही समाजांत बोलली जाते. धर्म दोन, सामाजिक नावे दोन, बोली एक. पडद्यावरील रेषांना शास्त्राची प्रतिष्ठा असते. ‘आमची रेषा तुमच्यापासून किती दूर’ असा प्रश्न गावात निघाला, तर त्या रेषेचा उपयोग भांडणासाठी होण्यास वेळ लागत नाही. म्हणून चित्र गावासमोर ठेवताना त्याच्या खाली कोणते शब्द घेतले, कोणते वगळले व का, हे स्पष्ट मराठीत लिहिले पाहिजे.

काम स्वतःच्या संगणकावर करण्याचा लाभही याच विचाराशी निगडित आहे. बोलणाऱ्याचा आवाज, त्याचे नाव, त्याचे घर ही त्याची मालमत्ता होय. यादी व ध्वनिमुद्रण परक्या यंत्रावर न पाठविता चित्र काढता येते, ही गोष्ट लहान नाही. फाईलीत व्यक्तींची नावे न लिहिता क्रमांक लिहावेत, व क्रमांकांची वही निराळी ठेवावी.

तात्पर्य, हे साधन बसविण्यास एक तास पुरे. शब्दांची यादी करण्यास मात्र एक-दोन वर्षे लागतील, आणि त्या यादीसाठी अंगणात बसून म्हाताऱ्या माणसांचे ऐकावे लागेल. आज्ञावली त्या श्रमांना पर्याय नाही. यादी प्रामाणिकपणे केलेली असेल, तर तिच्यातील जे नाते व जो अंतर्विरोध नुसत्या डोळ्यांना दिसत नाही तो ही आज्ञावली दाखवील. मग त्याचे उत्तर शोधण्यासाठी अभ्यासकाला पुन्हा त्याच अंगणात जावे लागेल.