सनस्क्रीनमुळे पुरळ : दोष नेमका कशाचा?

सनस्क्रीन लावल्यावर चेहऱ्यावर पुरळ उठले की ‘केमिकल बाधले’ असे म्हणून नळी फेकून दिली जाते. झिंक ऑक्साइडही रसायनच असते, हे मात्र जाहिराती सांगत नाहीत. ते आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे. ऑक्सिबेन्झोन, ॲव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलिन ही अतिनील किरण शोषून घेणारी सेंद्रिय द्रव्ये. संशय घेतला जातो तो या दुसऱ्या गटावर.

या संशयाला २०१९ साली बळ मिळाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या अभ्यासात २४ निरोगी व्यक्तींच्या तीन चतुर्थांश त्वचेवर दिवसातून चार वेळा सनस्क्रीन लावण्यात आले. तपासलेले चारही घटक मिलिलिटरमागे ०.५ नॅनोग्रॅमपेक्षा अधिक प्रमाणात रक्तात आढळले. मात्र ही मर्यादा विषारीपणाची नव्हे; ती ओलांडल्यास घटकाच्या पुढील चाचण्या व्हाव्यात, एवढाच तिचा अर्थ. सनस्क्रीन वापरणे थांबवू नये, असे संशोधकांनीच नमूद केले होते.

ॲलर्जीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो खरा आहे. काही घटक सावलीत निरुपद्रवी असतात. ऊन लागल्यावर त्यांचे रूप पालटते आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. ही प्रकाश-ॲलर्जी. खाज व पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, तेही उघड्या भागावर. हनुवटीखालची आणि कानांमागची त्वचा सहसा सुटते. साहजिकच रुग्ण उन्हालाच दोष देतो आणि अधिक सनस्क्रीन थापतो! यात ऑक्सिबेन्झोनचे नाव वारंवार येते. वेष्टनावर ते ‘बेन्झोफेनोन-३’ असेही छापलेले असते.

आणखी एक धागा सहज नजरेतून सुटतो. सांधेदुखीवर केटोप्रोफेनचे जेल चोळणाऱ्या काहींना त्या औषधाची प्रकाश-ॲलर्जी जडते. अशांना पुढे ऑक्टोक्रिलिन असलेले सनस्क्रीनही सोसत नाही. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना वेदनाशामक मलमांची नावेही सांगावीत.

अर्थात, अनेकदा खरा अपराधी सुगंध किंवा परिरक्षक असतो. पाठीवर घटकांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून केलेल्या पॅच चाचणीत तो उघड होतो. प्रकाश-ॲलर्जीसाठी पट्ट्यांचे दोन संच लावतात व एकावर अतिनील-ए किरण सोडतात. हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहण्याचा घरगुती उपाय येथे अपुरा ठरतो, कारण त्या जागेला ऊन लागतच नाही. निदान होईपर्यंत सुगंधविरहित, केवळ झिंक ऑक्साइड वा टायटॅनियम डायऑक्साइडचे सनस्क्रीन, लांब बाह्या आणि रुंद कडांची टोपी वापरावी. पांढुरकी छटा तेवढी सहन करावी लागते.