आधी गाणं, मग ठेका

मी तबल्याची साथ करतो. त्यामुळे कुठलंही गाणं ऐकताना कान आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधतात. सिड बॅरेटच्या ‘द मॅडकॅप लाफ्स’ या अल्बममध्ये ती हाती लागता लागत नाही. लोक म्हणतात, हा गायकाच्या बिघडलेल्या मनाचा परिणाम. मला त्यात ध्वनिमुद्रणाचा उलटा क्रमही ऐकू येतो.

केंब्रिजचा बॅरेट हा पिंक फ्लॉइडचा पहिला गायक आणि गिटारवादक. १९६७ सालच्या त्यांच्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्यानंच लिहिलेली. एलएसडीच्या नशेच्या त्या दिवसांत भास, प्रतिध्वनी आणि विचित्र नाद यांतून उभं राहिलेलं संगीत म्हणजे सायकेडेलिक रॉक, आणि लंडनमध्ये त्याचा चेहरा होता बॅरेट. पण वर्षभरातच त्याची तब्येत ढासळली. कार्यक्रमात तो वाजवेल की नुसताच उभा राहील, याचा भरवसा उरला नाही. मित्र डेव्हिड गिल्मोर बँडमध्ये आला आणि एप्रिल १९६८मध्ये बॅरेट बाहेर पडल्याचं जाहीर झालं.

एकट्याच्या अल्बमचं काम त्याच वर्षी सुरू झालं, पण रखडलं. १९६९च्या एप्रिलमध्ये माल्कम जोन्स या निर्मात्यानं ते पुन्हा हाती घेतलं. रॉकमध्ये सहसा ड्रम आणि बास आधी मुद्रित होतात, त्यावर गळा चढतो. इथे काही गाणी बॅरेटनं गिटार घेऊन आधीच गाऊन ठेवली होती. ‘सॉफ्ट मशीन’ बँडच्या वादकांनी त्यावर मागाहून साथ भरली. बॅरेटची ओळ शब्दांबरोबर लांबते, आखडते. मैफलीत गायकानं मात्रा खाल्ली, तर मी त्याचा चेहरा बघून सावरून घेतो. टेपकडे बघून काय सावरणार? ‘नो गुड ट्राइंग’मध्ये ती धावपळ स्पष्ट ऐकू येते.

उरलेली गाणी गिल्मोर आणि पिंक फ्लॉइडमधलाच रॉजर वॉटर्स यांनी स्वतःच्या बँडचं काम सांभाळत घाईनं पुरी केली. ‘इफ इट्स इन यू’मध्ये बॅरेटचा सूर चुकतो, तो थांबतो, पुन्हा सुरू करतो. हे सगळं त्यांनी तसंच ठेवलं. जोन्सला ते पटलं नव्हतं. मलाही पटत नाही. गायकाची चूक झाकणं हे साथीदाराचं पहिलं काम.

जानेवारी १९७०मध्ये अल्बम निघाला आणि ब्रिटनच्या अल्बम-खपाच्या यादीत ४०व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी दुसरा अल्बम आला. पुढे बॅरेट केंब्रिजला परतला, चित्रं काढत राहिला आणि २००६ साली वारला.

तुम्ही सुरुवात ‘डार्क ग्लोब’पासून करा. तिथे ड्रम नाहीत, बास नाही. फक्त गिटार आणि गळा. मग जेम्स जॉइसच्या कवितेला चाल लावलेलं ‘गोल्डन हेअर’ ऐका. मन ढासळत असतानाही या माणसाची चाल बांधण्याची ताकद शाबूत होती, हे या दोन गाण्यांतच कळेल.