चॅटबॉटकडून वेगवेगळी मतं कशी मिळवावीत?

एआय चॅटबॉट प्रत्येक पुढचा शब्द शक्यतेच्या हिशेबाने निवडतो. त्यामुळे तोच प्रश्न पुन्हा विचारला तर शब्द बदलतात, सल्ल्याचं वळण मात्र बहुधा तेच राहतं.

२०२४ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एआयच्या कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या कथा वाचकांना अधिक सर्जनशील वाटल्या, पण त्या एकमेकींसारख्याही झाल्या होत्या.

हा सारखेपणा ही पहिली अडचण. दुसरी अडचण होकाराची, आणि ती जास्त गंभीर. प्रशिक्षणात माणसांना आवडलेल्या उत्तरांना वजन मिळतं, आणि स्तुती सगळ्यांनाच आवडते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीतला एक बदल मागे घेतला, कारण त्यानंतर चॅटबॉट वाजवीपेक्षा जास्त दाद देऊ लागला होता.

म्हणून प्रश्नाची मांडणी महत्त्वाची. समजा, पोळी-भाजी केंद्र काढायचं आहे. ‘माझा आराखडा कसा वाटतो?’ यापेक्षा ‘कर्ज नाकारणारा बँक अधिकारी या आराखड्यात काय खोट काढेल?’ हा प्रश्न कितीतरी उपयोगी. मग तोच आराखडा रोज डबा नेणाऱ्या ग्राहकाच्या आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या नजरेतून तपासायला सांगावा.

प्रत्येक भूमिकेसाठी नवं संभाषण उघडावं. आधीचा मजकूर पुढच्या उत्तराला आपल्याकडे ओढतो. स्वतःचं मत आधी सांगू नये.

भूमिका कितीही बदलल्या, तरी त्यामागचं मॉडेल एकच असतं. दुसऱ्या कंपनीचा चॅटबॉट वापरल्याने थोडा फरक पडतो. केंद्र जिथे काढायचं त्या गल्लीतलं भाडं आणि गिऱ्हाइकांच्या सवयी मात्र तिथल्या दुकानदारांनाच विचाराव्या लागतात.