नाचणीचे बारा दिवस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी लहानाची मोठी झाले. घरात मराठी, वाड्यात मराठी, गणपती आणि महालक्ष्म्यांची आरतीही मराठीच. पण मुरारच्या चर्चवरून जाताना कानावर पडायची ती प्रार्थना हिंदी. त्यामुळे वसईच्या मैत्रिणीने आगमनकाळातल्या मिस्सेचं मराठी गायन फोनवर ऐकवलं, तेव्हा मी काम बाजूला ठेवून ऐकत राहिले. ग्वाल्हेरचा धर्मप्रांत १९९९ सालचा, वसईचा त्याच्या आदल्या वर्षीचा. पण वसईतली ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीज काळापासूनची, आणि तिथे देवाशी मराठीत बोलतात. डिसेंबरात मैत्रिणीच्या घरी जायचं ठरलं, ते हे जवळून पाहण्यासाठीच.

निर्मळच्या बाजूचं तिचं गाव. नाताळआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी, वेदीजवळच्या पानांच्या चक्रात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एकेक वाढवत लावायची. गावातली तरुण पोरं नाताळगोठ्याच्या बांबू-गवतात गुंतलेली. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तो खऱ्या बैल-गाढवासह आणि चाऱ्याने भरलेल्या गव्हाणीसह. आता स्पर्धा असतात, धबधबे असतात, विजेच्या माळा असतात. पोरांचे कष्ट खरेच मोठे. पण माझे पाय वळत ते मैत्रिणीच्या मावशीच्या पडवीकडे.

मावशी सत्तरी ओलांडलेल्या. लाल लुगडं, गळ्यात जपमाळ, गुडघे दुखरे. गोठ्यापुढचं हिरवं शेत दरवर्षी त्या करतात. नाचणी रात्रभर भिजवायची, पसरट टोपल्यांत माती आणि कुजलेलं शेणखत चाळून घालायचं, वर दाणे दाट पसरायचे, ओल्या गोणपाटाने झाकायचं. “बारा दिवस लागतात, बाय. बारा तारखेला पेरलं की चोवीसच्या रात्री बोटभर उभं राहतं.” आमच्याकडे नवरात्रात घट बसवतात, तसंच हे. मावशींनी गोणपाट उचललं की ओल्या तागाचा आणि मातीचा उबदार वास यायचा, आणि त्या वासासाठी मी सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन बसायची. चौथ्या दिवशी पांढरे कोंब दिसले. मावशींनी गोणपाट काढलं आणि टोपल्या उन्हाच्या कडेला सरकवल्या.

“बारा दिवस नाचणीला, आणि मला पण बारा दिवस,” त्या म्हणाल्या. त्यांचं दुसरं काम याच दिवसांत चालतं. वर्षभरात ज्यांचं आपल्यावर काही राहिलं, त्यांच्या दारी जायचं. मे महिन्यात विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा शेजाऱ्याने आपल्या विहिरीचं पाणी पाटाने सोडून केळी वाचवली, त्याच्याकडे. छातीत कळ आली त्या रात्री मोटरसायकलवर मध्ये धरून दवाखान्यात नेणाऱ्या दोन पोरांकडे. आणि वाडीत निंदणीला येणाऱ्या वारली बाईकडे. तिला नवं लुगडं दिलं, आणि पावसाळ्यात मजुरी आठ दिवस उशिरा दिली होती, ते तिच्यापुढे स्वतःहून काढलं. ती बाई संकोचली, “असू दे” म्हणाली. मावशी म्हणाल्या, “असू दे कसं? तुझ्या घरात चूल होती ना त्या आठ दिवसांत?”

हे ऐकताना मला वाटलं, नाताळची तयारी म्हणतात ती हीच. आभार मानणं हे वेदीपुढे सोपं असतं. कुणाच्या ओट्यावर बसून, नाव घेऊन, काय केलं ते सांगून आभार मानायला पायपीट लागते, आणि आभारांच्या पाठोपाठ आपली चूकही बाहेर येते. मावशींच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून म्हणायचे आणि बायका मागे बसून जपमाळ ओढायच्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सगळं मराठीत आलं. “तेव्हापासून कळायला लागलं,” मावशी म्हणाल्या, “आणि कळलं म्हणजे करावं लागतं.” मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मावशी हे शब्दशः घेतात.

नाताळच्या आठवड्यात चर्चमध्ये कबुलीची संध्याकाळ होती. शेजारच्या धर्मग्रामांतले धर्मगुरूही मदतीला आले होते. रांगा दारापर्यंत. शेतावरून थेट आलेले पुरुष, कामावरून लोकलने परतलेल्या मुली पर्स कवटाळून उभ्या, शाळकरी पोरं ओठांतल्या ओठांत पापांची उजळणी करत. मावशी रांगेत नव्हत्या.

त्या जावेकडे गेल्या होत्या. बांधावरच्या दोन नारळांवरून दोघींचं बोलणं तुटलेलं. मावशींनी बरोबर नाचणीची एक टोपली घेतली होती, ती उचलायला मी होते. जाऊ उठली नाही. “ठेव तिथं,” एवढंच म्हणाली. मावशी पायरीवर बसल्या. नारळांचा विषय त्यांनीच काढला, आणि तो काढताना जावेचा मुलगा लहान असताना तिने आपल्या पोरांनाही कसं जेवू घातलं होतं तेही सांगितलं. जावेने उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, “गुडघ्याला तेल कुठलं लावतेस?”

नारळांचा निकाल लागला नाही. तेलाची बाटली मात्र दुसऱ्या दिवशी मावशींनी माझ्या हाती पाठवली. त्या संध्याकाळी कबुलीच्या रांगेत त्या शेवटच्या उभ्या राहिल्या. आतून पाच मिनिटांत बाहेर आल्या आणि थेट टोपल्यांना पाणी शिंपडायला घरी गेल्या. अजून दोन घरं उरली होती, आणि दिवस तीन.