कातड्याचा माग (९) : बिल्ला कानातच राहतो

कातडं कमावताना निघणाऱ्या क्रोमच्या सांडपाण्याबद्दल या आठवड्यात लिहिणार होतो. ते पुढच्या वेळी. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकांचा प्रश्न आधी घ्यायलाच हवा. ते विचारतात, ‘‘बैलाच्या कानात नंबराचा बिल्ला आहे. मग तो दगावल्यावर कातड्याचा माग का लागत नाही?’’

लागायला हवा! पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून ‘भारत पशुधन’ प्रणालीत मालक, गाव, जात, लसीकरण सगळं सापडतं. जून २०२४ पासून बिल्ल्याविना जनावर बाजारात विकायलाही राज्यात मनाई आहे. गोठ्यातल्या लाल कंधारी बैलाचा ठावठिकाणा जिवंतपणी असा पक्का असतो.

तुटतं ते मरणाच्या दिवशी. विम्याचा नियम साधा : बिल्ला नाही तर दावा नाही. त्यामुळे बिल्ला, पुष्कळदा कानासकट, दाव्याच्या कागदांबरोबर जातो. कातडं सोललंच, तर मीठ लावून, घडी घालून व्यापाऱ्याच्या थप्पीत पडतं. त्या थप्पीत दहा गावांची कातडी एक होतात आणि भोकर तिथंच पुसलं जातं. पुढं चुन्याच्या हौदात केसही जातात. रंगावरूनसुद्धा ओळख उरत नाही.

म्हणून खूण कातड्यावरच हवी आणि सोलल्याबरोबर हवी. युरोपात काही ठिकाणी लेसरने अंक उठवतात. आपल्याकडे शेपटीच्या मुळाशी छिद्रांचे अंक ठोकले तरी भागेल. ते चुन्यातून आणि कमावण्यातून टिकतात.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीनं तशाच चपला श्रेय न देता सादर केल्याचं प्रकरण गाजलं आणि त्याच सुमारास चर्मोद्योग महामंडळाचा क्यूआर कोडही चर्चेत आला. तो कारागीर, जिल्हा, कच्चा माल सांगतो. चांगलंच आहे, पण जनावर कुठलं हे त्यातून कळत नाही. युरोपने तर २०२३ च्या जंगलतोडविरोधी कायद्यात गुरांचं कातडंही घेतलं. अंमल लांबला असला तरी जनावर वाढलं ती जागा सांगण्याची अट त्यात आहे.

विहिरीवरची मोट कुणाच्या जनावराच्या कातड्याची, हे एकेकाळी अख्ख्या गावाला ठाऊक असे. पण तो माग जातीच्या सक्तीवर उभा होता. मेलेली ढोरं ओढणं सोडा, असं डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला सांगितलं ते याचसाठी. ती साखळी पुन्हा नकोच. राज्यात २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे. तेव्हा इथल्या बैलाचं कातडं कायद्याने मिळायचं तर पडलेल्या जनावराचंच. ते सोलणाऱ्याला रीतसर मजुरी, हातमोजे, धुण्याला पाणी आणि खूण केलेल्या कातड्याला जादा दर मिळाला, तरच नोंद होईल. फुकटात कुणी अंक ठोकणार नाही आणि का ठोकावेत?

वाचकांना माझं उत्तर एवढंच : पशुवैद्यकीय दवाखान्यात मृत्यू नोंदवताना आणखी एक रकाना भरला जावा. कातडं पुरलं की दिलं, दिलं तर कुणाला. भोकरसारख्या एका तालुक्यात वर्षभर हे करून पाहता येईल.