किटमधून जुळविलेले ट्रान्झिस्टर रेडिओ : ओळख व पुनरुज्जीवन

प्रस्तावना

जुने रेडिओ जमविणारे बहुतेक जण प्रथम संचाच्या दर्शनी भागावरील कंपनीचे नाव पाहतात. फिलिप्स, मर्फी, बुश या नावांना मोल येते. ज्यावर नाव नाही तो संच ‘लोकल’ ठरतो आणि सुट्या भागांसाठी मोडला जातो. महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान विभागातील जुनी कपाटे रिकामी करतानाही याच न्यायाने असे संच जडसंग्रह नोंदवहीतून कमी केले जातात. या ‘लोकल’ संचांमध्ये एक स्वतंत्र वर्ग मिसळलेला असतो, तो म्हणजे हौशी व्यक्तीने किट आणून स्वहस्ते जुळविलेल्या रेडिओचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातील पासोड्या विठोबाचा परिसर यांसारख्या बाजारपेठांतून पीसीबी, कॉइल आणि कॅबिनेट आणून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली एक पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. तिच्या शिक्षणाचा लेखी पुरावा फारसा नाही. जो आहे तो या संचांच्या सोल्डरिंगमध्ये आहे.

कारखान्यातील संचाला सर्व्हिस मॅन्युअल असते, क्रमांक असतो. किटच्या संचाला यांपैकी काहीही नसते. म्हणून त्याच्या बाबतीत ओळख व नोंद आधी आणि दुरुस्ती नंतर, हा क्रम अनिवार्य आहे. आवाज येऊ लागला परंतु मूळ जुळणीची खूण पुसली गेली, अशा कामास दुरुस्ती म्हणता येईल, पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

किट, सुटी जुळणी आणि कारखाना

मागचे झाकण काढल्यावर प्रथम पीसीबीची तांब्याची बाजू पाहावी. कारखान्यात सर्व सांधे एकाच वेळी वितळलेल्या सोल्डरमधून निघत असल्याने ते एकसारखे दिसतात. हाताने केलेल्या कामात कुठे सोल्डरचा गोळा, कुठे अपुरा थर, कुठे राळेचा तांबूस डाग असतो. किट जुळविणाऱ्याचा हात शिकाऊ असेल तर आरंभीचे सांधे ओबडधोबड आणि नंतरचे अधिक नीट, अशी प्रगतीही एकाच पट्टीवर दिसू शकते. ट्रान्झिस्टरच्या पायांवर चढविलेल्या रंगीत नळ्या, मिळेल त्या रंगाची वायर, कॅबिनेटला मागाहून पाडलेले छिद्र आणि केंद्राच्या जागेशी न जुळणारा काटा या आणखी काही खुणा होत.

तथापि हाताचे सोल्डरिंग म्हणजे किट, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. मासिकातील आकृतीवरून सुटे भाग जमवून केलेला संच आणि छोट्या वर्कशॉपमध्ये विक्रीसाठी जुळविलेला संच हेही हातानेच होत. यांतील भेद सुट्या भागांच्या निवडीत सापडतो. किटमध्ये रेझिस्टन्स सहसा एकाच बनावटीचे असतात व पीसीबीवरील छिद्रांच्या अंतरात बरोबर बसतात. सुट्या जुळणीत बनावटी मिसळलेल्या असतात. १० किलोओहमचा रेझिस्टन्स न मिळाल्याने दोन रेझिस्टन्स जोडून काम भागविलेले दिसते. वर्कशॉपच्या संचात सराईत हाताचा समानपणा असतो. एखादाच भाग वेगळा आणि त्याचे सोल्डर अधिक चकचकीत असेल, तर ती नंतरची दुरुस्ती समजावी.

काळ कसा ठरवावा

काळनिश्चितीसाठी ट्रान्झिस्टर हे सर्वांत विश्वसनीय साधन आहे. ओसी ७१, ओसी ७२ हे क्रमांक सर्वांत जुन्या पिढीचे. यातील अनेकांचे आवरण काळ्या रंगाने झाकलेल्या काचेचे असते; तो रंग खरवडला गेल्यास ट्रान्झिस्टर प्रकाशालाही प्रतिसाद देऊ लागतो. त्यानंतरच्या युरोपीय संकेतात पहिले अक्षर ए असेल तर जर्मेनियम, बी असेल तर सिलिकॉन; दुसरे अक्षर सी असेल तर ध्वनिवारंवारितेसाठी आणि एफ असेल तर उच्च वारंवारितेसाठी. म्हणजे एएफ ११७ रेडिओच्या पुढच्या भागात आणि एसी १२८ स्पीकरच्या बाजूस. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे उत्पादन सुरू केल्यावर हे भाग हौशी माणसाच्या आवाक्यात आले. पुढे बीसी १४८, बीएफ १९४ हे प्लॅस्टिकच्या चौकोनी आवरणातील सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले.

शेवटच्या टप्प्याची रचनाही बोलकी असते. दोन एसी १२८ आणि दोन छोटे ट्रान्सफॉर्मर ही जुनी पद्धत. एसी १८७ व एसी १८८ ही जोडी असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नाही. टीबीए ८१० सारखा आयसी त्याहून अलीकडचा. आयएफटीचे डबे मुळीच नसतील आणि तीन पायांचा एकच छोटा भाग असेल तर तो झेडएन ४१४ असू शकतो. ब्रिटनच्या फेरांटी कंपनीने तो १९७२ मध्ये बाजारात आणला. याच न्यायाने मूळ जुळणीतील कंडेन्सरवर केलट्रॉन हे नाव असेल तर संच १९७३ पूर्वीचा असू शकत नाही, कारण ती कंपनीच त्या वर्षी स्थापन झाली.

कॅबिनेटवर मात्र विसंबू नये. एकाच साच्यातील कॅबिनेट वर्षानुवर्षे विकली जात, त्यामुळे डायलवर किलोसायकल छापलेले असले तरी आतील मंडल बरेच नंतरचे असू शकते. संचाबरोबर टपाल कार्यालयाची परवाना पुस्तिका मिळाल्यास ती वेगळी करू नये. रेडिओचा परवाना १९८० च्या दशकाच्या मध्यास रद्द झाला, तोपर्यंतच्या वापराचा तो पुरावा होय.

दुरुस्तीचा क्रम

दोन्ही बाजूंची छायाचित्रे व हाताने काढलेली आकृती तयार झाल्यावरच वीज द्यावी. जर्मेनियमच्या पीएनपी संचात बहुधा सेलचे धन टोक सामाईक जोडणीस असते; सिलिकॉनच्या सवयीने उलटे सेल घातल्यास ट्रान्झिस्टर जातात. पहिल्या वेळी सेलच्या मार्गात मिलिअँमीटर आणि १०० ओहमचा रेझिस्टन्स असावा. सहा ट्रान्झिस्टरचा संच आवाज बंद असताना साधारणतः १० ते १५ मिलिअँपिअर घेतो. काटा ५० च्या पुढे गेला तर लगेच थांबावे.

मोठा दोष बहुधा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांत असतो. ते सुकल्याने आवाज क्षीण होतो, किंवा स्पीकरमधून फटफटीसारखा आवाज येतो. येथे नवा कंडेन्सर लावताना पट्टीवरील सांधा वितळवू नये. जुन्या कंडेन्सरचे पाय वरच्या बाजूने अर्धा सेंटिमीटर राखून कापावेत आणि नवा भाग त्या टोकांना जोडावा. मूळ सांधा, मूळ राळ जशीच्या तशी राहते. जुन्या पॅक्सोलिन पट्टीवरील तांबे उष्णतेने उचलले जाते, तो धोकाही टळतो. काम थोडे बेंगरूळ दिसते. पण नवे आणि जुने वेगळे ओळखू येणे हा येथे गुणच आहे.

एएफ ११४ ते एएफ ११७ या मालिकेचा दोष निराळा आहे. त्यांच्या धातूच्या आवरणात आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात व ते आतील जोडण्यांना टेकतात. चौथा पाय आवरणाचा असतो. त्याचा इतर तिन्ही पायांशी संबंध दिसता कामा नये. दिसल्यास तो चौथा पाय कापल्याने अनेकदा रेडिओ पुन्हा बोलू लागतो. कंडेन्सरची वीज सोडून तंतू जाळण्याचा उपायही केला जातो, पण तंतू पुन्हा वाढू शकतात. त्या जागी सिलिकॉन ट्रान्झिस्टर बसविणे शेवटचा पर्याय समजावा, कारण जर्मेनियमला बेस व एमिटर यांमध्ये ०.२ व्होल्टच्या आसपास पुरतात, सिलिकॉनला ०.६; म्हणजे बायसचे रेझिस्टन्सही बदलावे लागतात आणि मूळ मंडल मूळ राहत नाही.

आयएफटीच्या रंगीत कोअरना हात लावण्याचा मोह सर्वांत आधी होतो व तो सर्वांत शेवटीही आवरावा. आवाज येत नाही म्हणून कोअर फिरविणे हे तापमापक हलवून ताप उतरविण्यासारखे आहे. जुना फेराइट ठिसूळ असतो. धातूच्या पेचकसाने तो फुटतो. सिग्नल जनरेटरवर ४५५ किलोहर्ट्झ देऊन मध्यवारंवारिता खरोखरच सरकल्याचे दिसले, तरच प्लॅस्टिकच्या पेचकसाने आणि किती फेरे फिरविले याची नोंद ठेवून ते काम करावे. हौशी माणसाकडे जनरेटर क्वचितच असे. त्याने एखादे केंद्र लावून कानानेच कोअर जुळविलेले असतात, त्यामुळे त्या संचाची मध्यवारंवारिता ४५५ ऐवजी ४६२ मिळाली तर तीही नोंदवून तशीच राखणे योग्य.

काढलेले सर्व भाग कागदी पाकिटात घालून, त्यावर जागा व दिनांक लिहून, कॅबिनेटच्या आतच ठेवावेत. सेल मात्र चाचणी संपताच बाहेर काढावेत.