मुद्दल राखणारा देश

घरात एकाएकी मोठी रक्कम आली, तर तिचे काय करावे ह्याविषयी आपल्या वडीलधाऱ्यांचे मत ठरलेले असे : मुद्दल बाजूला ठेवावे आणि व्याजावर भागवावे. हा घरगुती नियम एखाद्या राष्ट्राला पाळता येईल काय? युरोपात एकाच समुद्रातून तेल काढणाऱ्या नॉर्वे आणि ब्रिटन ह्या दोन देशांचा अनुभव ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

1969 च्या अखेरीस नॉर्वेच्या सागरी हद्दीत एकोफिस्क येथे तेलाचा मोठा साठा सापडला. त्या वेळी ह्या देशाची वस्ती चाळीस लाखांहूनही कमी होती. 1972 मध्ये सरकारने स्वतःची तेलकंपनी स्थापिली आणि पुढे खाजगी कंपन्यांच्या नफ्यावरही जबर कर बसविला. पैशाचा ओघ सुरू झाला.

परंतु शेजारच्या हॉलंडचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. तेथे 1959 मध्ये नैसर्गिक वायू सापडला. त्याच्या निर्यातीने चलन महागले, इतर माल परदेशी खपेनासा झाला आणि कारखाने अडचणीत आले. अर्थशास्त्रात ह्याला ‘डच रोग’ असे नावच पडले. 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले, तेव्हा नॉर्वेलाही जबर धक्का बसला.

अखेर 1990 मध्ये तेथील संसदेने निधीचा कायदा केला आणि 1996 मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. सरकारचे तेलापासूनचे निव्वळ उत्पन्न ह्या निधीत जाते आणि ते केवळ परदेशातच गुंतविले जाते, म्हणजे घरचे चलन व बाजार बिघडत नाहीत. किती उचलावयाचे त्याचा दंडक 2001 मध्ये ठरला : निधीच्या चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अपेक्षित उत्पन्नापुरतेच. 2017 मध्ये ते प्रमाण तीन टक्क्यांवर आणले गेले. त्याच वर्षी निधीने एक लाख कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला.

ब्रिटनचे तेल 1975 पासून वाहू लागले आणि 1980 नंतरच्या दशकात त्याचे उत्पन्न शिगेला पोहोचले. तेथे असा निधी काढला गेला नाही. पैसा सर्वसाधारण तिजोरीत मिसळला. त्याच दशकात प्राप्तिकराचे दर उतरले आणि बेकारांची संख्या तीस लाखांवर गेल्याने त्यांच्या भत्त्याचा बोजाही वाढला. ब्रिटनची वस्ती कितीतरी मोठी, त्यामुळे माणशी वाटा लहान, हे खरे. बेकाराची चूल पेटविणे ही उधळपट्टीही नव्हे. तथापि तेलाच्या पैशातून अमुक एक गोष्ट राहिली, असे आज बोट दाखवून सांगता येत नाही.

नॉर्वेतही सर्व जण संतुष्ट नाहीत. एवढा पैसा परदेशी पडून असताना रस्ते आणि इस्पितळे ह्यांवर हात आखडता का घ्यावा, असा सवाल तेथील राजकारणात वारंवार उठतो. 2020 च्या साथीत सरकारने दंडकापेक्षा अधिक रक्कम उचललीही. मात्र किती उचलली, हे अंदाजपत्रकात सर्वांसमक्ष मांडावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या नातवंडांसाठी हा ठेवा राखला जातो, त्यांच्याच पृथ्वीचे तापमान ते तेल जाळल्याने वाढते आहे. त्याचे समाधानकारक उत्तर नॉर्वेपाशी नाही. तरीही, ज्यांना अद्याप मत देता येत नाही, जे अजून जन्मलेलेही नाहीत, त्यांचा हिस्सा आजच्या मतदारांनी वेगळा काढून ठेवावा, ही गोष्ट लोकशाहीत विरळाच घडते.